दस्तुरखुद्द आणि मुखत्यार : प्रस्तावना

जुन्या मराठी दप्तरांतले कागद चाळण्याचा योग ज्यांना आला असेल, त्यांना ‘दस्तुरखुद्द’ हा शब्द परिचयाचा असेल. कारकुनाने सुवाच्य अक्षरात मजकूर लिहावा आणि त्याच्या अखेरीस, ज्याचे ते पत्र असे त्या धन्याने स्वतःच्या हाताने दोन-चार शब्द घालावेत, असा तो प्रघात होता. आणि त्या दोन-चार शब्दांना वरच्या साऱ्या सुबक मजकुराहून अधिक वजन असे, कारण हा व्यवहार होताना मी स्वतः हजर होतो, एवढेच ते सांगत. या शब्दाच्या अगदी समोर उभा असलेला शब्द म्हणजे ‘मुखत्यार’. अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘निवडलेला’ असा आहे, आणि ‘अखत्यार’ हा त्याचाच सहोदर. ज्याला मी निवडले, त्याच्याच हाती माझ्या वतीने निवड करण्याचा अधिकार गेला, हे सारे नाते त्या एका धातूत सामावलेले आहे. दस्तुरखुद्द आणि मुखत्यार या दोन शब्दांमध्ये जे अंतर पडते, त्या अंतरात होणाऱ्या अपहाराविषयी आणि त्याच्या निवारणाविषयी हे पुस्तक आहे.

ते लिहावेसे का वाटले, हे प्रथम सांगितले पाहिजे. माझ्या वकिलीच्या प्रारंभीच्या काळात एक वृद्ध विधवा माझ्याकडे आल्या होत्या. यजमानांच्या मागे राहिलेली चार एकर जमीन, पोटी मूलबाळ नाही, आणि गुडघ्यांमुळे तालुक्याच्या खेपा होईनात. म्हणून त्यांनी दिराच्या मुलाला कुलमुखत्यारपत्र लिहून दिले होते. दोन वर्षांनी त्यांच्या मनात किंतु आला, तेव्हा त्यांनी त्याला घरी बोलावून चार माणसांदेखत सांगितले, की आजपासून तुझी मुखत्यारी संपली. पुतण्याने मान डोलावली, मूळ कागद आपल्याच कपाटात ठेवला, आणि पुढल्याच महिन्यात जमीन विकली. घेणाऱ्याला त्या घरातल्या बोलण्याची गंधवार्ता नव्हती. करार कायद्याचे कलम २०८ असे सांगते, की मुखत्यारी रद्द केल्याचा परिणाम मुखत्याराच्या बाबतीत ते त्याला कळल्यापासून होतो आणि त्रयस्थाच्या बाबतीत ते त्या त्रयस्थाला कळल्यापासून होतो. हे मी त्यांना समजावून सांगत असता त्या पुनःपुन्हा एकच वाक्य म्हणत होत्या, “अहो, पण मी त्याला सांगितलं होतं ना!” त्यांनी सांगितले होते हे खरे, परंतु ज्यांना सांगावयास हवे होते, त्यांच्यापुढे त्या हजर नव्हत्या. ते वाक्य पुढे अनेक वर्षे माझ्या कानांत राहिले.

मुखत्यारपत्र म्हणजे काय, हे नवख्या वाचकासाठी थोडक्यात सांगावयाचे तर, एका व्यक्तीने दुसरीला आपल्या नावाने आणि आपल्या वतीने कामे करण्याचा दिलेला लेखी अधिकार होय. एखादेच ठरावीक काम सांगणारे ते खासमुखत्यारपत्र, आणि सर्वसाधारण कारभार सोपविणारे ते आममुखत्यारपत्र किंवा कुलमुखत्यारपत्र. येथील ‘कुल’ हा शब्द संस्कृतातल्या कुळाचा नव्हे. तो ‘एकंदर, समस्त’ या अर्थाचा अरबी शब्द आहे. हा भेद क्षुल्लक वाटला तरी तसा नाही, कारण घराण्यापुरता, आपल्या कुळापुरता काही कागद असेल अशा समजुतीने अंगठा उठविणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांनी त्या अंगठ्याने आपली समस्त मिळकत दुसऱ्याच्या स्वाधीन केलेली होती. दुसरा भेद मोबदल्याचा. बापाने मुलाला विश्वासाने दिलेले पत्र निराळे, आणि जमीनमालकाने पैसे घेऊन विकसकाला दिलेले पत्र निराळे. विक्रीचा अधिकार मोबदला घेऊन दिला असेल, तर महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्याप्रमाणे त्यावर खरेदीखताइतकेच शुल्क भरावे लागते, यावरूनच त्या कागदाचे खरे स्वरूप ध्यानात यावे.

प्रतिनिधीकरवी कारभार चालविण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. सरदार आणि वतनदार यांचे मुतालिक धन्याचा शिक्का बाळगून त्याच्या नावाने कारभार करीत, आणि शिक्का ज्याच्या कनवटीला, सत्ता त्याच्या हाती, हा धडा मराठेशाहीच्या उत्तरकाळाने वारंवार गिरविला. १७८४ साली दिल्लीच्या शहाआलम बादशहाने ‘वकील-इ-मुतलक’ हे पद पेशव्यांना दिले आणि पेशव्यांचे नायब म्हणून महादजी शिंदे यांनी ती सूत्रे हाती घेतली. ‘मुतलक’ म्हणजे निरपवाद, बिनशर्त. महादजींचे कर्तृत्व थोर होते आणि बादशहा आधीच दुर्बळ झालेला होता, हे खरे. तथापि बिनशर्त मुखत्यारी देणाऱ्याच्या हाती अखेर नावाखेरीज काय उरते, याचे याहून ठळक उदाहरण इतिहासात शोधूनही सापडावयाचे नाही.

इंग्रजी अमदानीत राज्यकारभाराची ही कल्पना रयतेच्या घरापर्यंत कागदाच्या रूपाने येऊन पोहोचली, आणि तिच्याबरोबर कागदाचे भयही आले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा जो उठाव झाला, त्यात लोकांचा रोख सावकारांच्या जिवावर नसून त्यांच्या दप्तरांवर होता. कर्जरोखे हिसकावून घ्यावेत आणि जाळावेत, हाच त्या दंग्याचा मुख्य उद्देश होता. ज्या कागदावर आपण अंगठा दिला पण ज्यातला मजकूर आपल्याला कधी कळला नाही, तो कागदच आपला वैरी आहे, असे त्या अक्षरशून्य कुणब्याला वाटले, यात नवल ते काय? पुढे १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा जो कायदा झाला, त्यात शेतकऱ्यांचे दस्त ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिले जावेत अशी तरतूद करण्यात आली. कागद खरा की खोटा एवढे पाहून सरकारचे काम संपत नाही, तो लिहून देणाऱ्याला उमजला की नाही हेही पाहणे त्याचे कर्तव्य आहे, हे तत्त्व येथे आपल्या भूमीत मान्य झाले.

त्याच सुमारास आजच्या कायद्याची चौकटही उभी राहिली. १८७२ च्या करार कायद्याचे दहावे प्रकरण, म्हणजे कलम १८२ ते २३८, हा या विषयाचा पाया. १८८२ चा मुखत्यारपत्रांचा कायदा हा अवघ्या काही कलमांचा. परंतु त्याच्या चौथ्या कलमात, मूळ मुखत्यारपत्र प्रतिज्ञालेखासह उच्च न्यायालयात जमा करता येते आणि ती नस्ती कोणालाही पाहता येते, अशी सोय आहे, हे आज वकिलांपैकीही थोड्यांच्याच स्मरणात असेल. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या ३२ व ३३ या कलमांनी, दुसऱ्याच्या वतीने दस्त नोंदणीस हजर करणाऱ्याचे मुखत्यारपत्र कोणासमोर झालेले असावे हे ठरविले: देशात राहणाऱ्याचे निबंधक किंवा दुय्यम निबंधक यांच्यासमोर, आणि परदेशी राहणाऱ्याचे तेथील नोटरी, न्यायालय अथवा भारतीय वकिलातीचा अधिकारी यांच्यासमोर.

या चौकटीत मुखत्यारपत्राकडे पाहण्याच्या तीन दृष्टी नांदत आल्या आहेत, आणि त्यांच्यातील ओढाताण ज्याला समजली त्याला हा विषय बव्हंशी समजला असे म्हणण्यास हरकत नाही. पहिली दृष्टी शब्दनिष्ठ. ती म्हणते, की मुखत्यारपत्राचा अर्थ काटेकोर लावावा; जो अधिकार स्पष्ट दिलेला नाही, तो नाहीच. विकण्याचा अधिकार दिला म्हणून बक्षीस देण्याचा अधिकार येत नाही, आणि विशिष्ट अधिकारांच्या यादीमागून ‘इतर सर्व कामे करावीत’ असे मोघम शब्द आले, तरी त्या यादीच्या हेतूपलीकडे ते पसरत नाहीत. दुसरी दृष्टी व्यवहारनिष्ठ. बाजारात जो सद्भावाने मुखत्याराशी व्यवहार करतो, त्याला घरातली भांडणे कशी ठाऊक असणार, असा तिचा रास्त सवाल आहे. कलम २०८ हे तिचेच अपत्य, आणि १८८२ च्या कायद्याचे तिसरे कलमही तिचेच, कारण मुखत्यारपत्र देणारा वारला आहे हे ठाऊक नसता मुखत्याराने सद्भावाने केलेल्या भरण्याला ते संरक्षण देते. तिसरी दृष्टी पालकत्वाची. दुर्बळ, वृद्ध, अशिक्षित यांचा विश्वास हा समाजाने राखावयाचा ठेवा आहे, असे ती मानते. १८७९ चा कायदा त्या दृष्टीचा. आणि २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचे २३ वे कलमही त्याच दृष्टीचे, कारण सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न केल्यास, न्यायाधिकरणाकडून परत मिळविण्याची वाट त्याने मोकळी केली.

न्यायालयांनी या तिन्ही दृष्टींचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला आहे. राजधानी दिल्लीत मुखत्यारपत्र, साठेखत आणि मृत्युपत्र अशी तीन कागदांची जुडी करून, खरेदीखताशिवायच घरे आणि भूखंड हस्तांतरित करण्याची जी चाल पडली होती, तिच्यावर सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी, सूरज लॅम्प कंपनीच्या खटल्यात, घाव घातला. मुखत्यारपत्राने स्थावर मिळकतीतला कोणताही हक्क हस्तांतरित होत नाही, असे त्या निकालाने निःसंदिग्धपणे सांगितले. इंडसइंड बँकेच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने असे म्हटले होते, की जी गोष्ट पक्षकाराच्या स्वतःच्या माहितीतली आहे, तिची साक्ष त्याच्याऐवजी मुखत्याराला देता येत नाही. या दुसऱ्या निकालाचे मला विशेष मोल वाटते. माणसाच्या हजेरीचा असा एक अंश असतो जो दुसऱ्याच्या स्वाधीन करताच येत नाही, हे त्याने कायद्याच्या भाषेत मान्य केले. तसेच, ‘हे मुखत्यारपत्र रद्द न होणारे आहे’ असे ठळक अक्षरांत छापल्याने ते तसे होत नाही. करार कायद्याच्या कलम २०२ प्रमाणे, मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्या मिळकतीत खरोखर गुंतलेला असला पाहिजे, आणि तो आहे की नाही हे कागदाच्या नावावरून न ठरता त्याच्या आशयावरून ठरते, असे २०२५ च्या एका निकालातही न्यायालयाने पुन्हा बजावले.

मग आजच या पुस्तकाची निकड कशासाठी? कारण आपण सारेच आता पूर्वीपेक्षा अधिक गैरहजर झालो आहोत. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या एकेका सातबाऱ्यावर वीस-वीस नावे असतात. त्यांतली बहुतेक माणसे मुंबई-ठाण्यात, आणि गावी राहिलेल्या एखाद्या चुलतभावाच्या हाती सर्वांनी सह्या करून दिलेला कागद. पुण्याभोवतालच्या गावांत विकसन करारनाम्याबरोबर कुलमुखत्यारपत्र हे जणू ओघानेच येते, आणि शहरांतल्या जुन्या गृहनिर्माण संस्था पुनर्विकासासाठी तेच करतात. गोव्यातला माणूस पोर्तुगालात किंवा आखातात, आणि त्याचे ‘प्रोकुरासांव’ म्हापशाच्या अथवा मडगावच्या एखाद्या आप्ताकडे. गोव्यात तर १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेने पतिपत्नीची मिळकत सामाईक, म्हणून एकाच्या सहीने काम भागत नाही, दोघांचा अधिकार लागतो. बनावट कागदांनी जमिनी बळकावल्याच्या तक्रारी तेथे इतक्या वाढल्या, की २०२२ साली शासनाला विशेष तपास पथक नेमावे लागले. अमेरिकेतल्या मुलाने आईवडिलांना दिलेले पत्र आणि येथल्या आईवडिलांनी शेजाऱ्याला दिलेले पत्र, अशी दुहेरी गैरहजेरी तर आता मध्यमवर्गाच्या घरोघरी आहे. आणि भ्रमणध्वनीवर आलेला ओटीपी भाच्याला वाचून दाखविणारे आजोबा हेदेखील, एका अर्थी, रोज नवे मुखत्यारपत्र देत असतात. फरक इतकाच की त्यावर तारीख नसते, मर्यादा नसते आणि साक्षीदारही नसतो.

याहून गंभीर प्रश्न वार्धक्याचा आहे. कलम २०१ प्रमाणे, देणारा मृत्यू पावला किंवा त्याचे मन विकल झाले की मुखत्यारी संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी माणूस हा कागद करून ठेवतो, नेमक्या त्या दिवशी तो कागद निर्जीव होतो. आणि मुखत्याराने तो पुढे तसाच वापरत राहणे, हा आपल्याकडचा सर्वांत सर्रास आणि सर्वांत सोज्ज्वळ दिसणारा गैरवापर आहे. इंग्लंडने या पेचातून वाट काढली. तेथे १९८५ साली, मन विकल झाल्यावरही टिकणाऱ्या मुखत्यारपत्राचा कायदा झाला. त्यातल्या उणिवा ध्यानी आल्यावर २००५ चा नवा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर २००७ पासून अमलात आला. त्याप्रमाणे, देणाऱ्याला मजकूर समजला असल्याचा दाखला स्वतंत्र व्यक्तीने द्यावा लागतो, आणि सार्वजनिक पालकाच्या कचेरीत नोंद झाल्याशिवाय तो कागद वापरता येत नाही. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रतिनिधी नेमण्याची सोय केली ती उपचारांपुरती. मिळकतीसाठी कुटुंबीयांना न्यायालयाचेच दार ठोठावावे लागते. ही उणीव आपल्या विधिमंडळांनी भरून काढावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. १८७९ च्या ग्रामनिबंधकात जे शहाणपण होते, ते आपल्याला परकीयांकडून शिकावे लागू नये.

कायदा बदलेपर्यंत माणसाने स्वतःचे रक्षण कसे करावे? अनेक वर्षांच्या अनुभवाने मी एका निष्कर्षाला आलो आहे, की जितके म्हणून खरे उपाय आहेत, ते सारे मुखत्यारपत्र देऊनही हजर राहण्याचेच प्रकार आहेत. आममुखत्यारपत्राऐवजी खासमुखत्यारपत्र द्यावे, गट क्रमांक, चतुःसीमा, काम आणि मुदत लिहावी, म्हणजे आपण त्या कागदात हजर राहतो. विक्री, गहाण, बक्षीस यांचा अधिकार द्यावयाचा नसेल तर नुसते मौन न धरता ‘हा अधिकार दिलेला नाही’ असे लिहावे. विक्रीचा अधिकार द्यावयाचाच असेल, तर किमान किंमत नमूद करावी आणि रक्कम थेट आपल्याच बँक खात्यात जमा व्हावी अशी अट घालावी; किंबहुना विकण्याचा अधिकार आणि पैसे स्वीकारण्याचा अधिकार हे एका हाती कधी देऊच नयेत. दोन मुखत्यार नेमून दोघांच्या संयुक्त सहीची अट घालता येते. पोटमुखत्यार नेमण्याची मनाई लिहिता येते. कलम २१३ प्रमाणे हिशेब मागण्याचा हक्क आपल्याला आहेच. तो दर तिमाहीस मागावा, आणि मागताना संकोचू नये. मूळ प्रत स्वतःपाशी ठेवावी. कोऱ्या कागदावर, कोऱ्या धनादेशावर, अथवा न समजणाऱ्या भाषेतल्या मजकुरावर सही करू नये. परदेशात केलेला कागद राज्यात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे.

कागद दिल्यानंतरही हजेरी थांबू नये. सातबारा आणि सूची क्रमांक दोन आता घरबसल्या पाहता येतात. ते अधूनमधून पाहावेत. तलाठ्याने फेरफार धरला की हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकत घेण्यास पंधरा दिवस मिळतात. ती नोटीस भलत्याच पत्त्यावर जाऊन पडू नये, याची तजवीज आपणच करावयाची. मुखत्यारामार्फत दस्त नोंदविला जातो तेव्हा, देणारा हयात आहे आणि त्याने मुखत्यारपत्र रद्द केलेले नाही, असे घोषणापत्र मुखत्याराला द्यावे लागते. ते खोटे दिले तर तो स्वतंत्र अपराध होतो, आणि फिर्यादीच्या कामी तो कागद मोलाचा ठरतो. रद्द करावयाचे झाल्यास, त्या वृद्ध बाईंनी जे केले नाही ते सर्व करावे: रद्दलेख नोंदवावा, मुखत्याराला पोचपावतीच्या टपालाने नोटीस द्यावी, दुय्यम निबंधक, तलाठी, बँक, गृहनिर्माण संस्था यांना कळवावे, स्थानिक वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यावी, आणि मूळ कागद परत घ्यावा. घात झालाच, तर दिवाणी न्यायालयात दस्त रद्द करून मागण्यास, तो घात कळल्यापासून तीनच वर्षे मिळतात. शिवाय प्रतिनिधीने केलेला विश्वासघात हा भारतीय न्याय संहितेप्रमाणे जन्मठेपेपर्यंत शिक्षेस पात्र अपराध आहे. दावा प्रलंबित असल्याची नोटीस निबंधक कचेरीत नोंदविण्यास विसरू नये, नाहीतर खटला चालू असताच मिळकत तिसऱ्या हाती जाते.

या पुस्तकाने वकिलाची जागा घ्यावी, असा त्याचा हेतू नाही. वकिलाकडे जाण्यापूर्वी, किंवा दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेरच्या बाकावर आपला क्रमांक येण्याची वाट पाहत असताना, हातातल्या कागदात काय आहे आणि काय असावयास हवे होते, हे सामान्य वाचकाला कळावे, एवढाच त्याचा उद्देश. म्हणून कलमांच्या अनुक्रमाने न जाता मी माणसांच्या प्रसंगांच्या अनुक्रमाने गेलो आहे: परगावी जाणारा, आजारी पडलेला, विधवा, सहहिस्सेदार, सदनिकाधारक. नमुने दिले आहेत ते जसेच्या तसे उतरवून घेण्यासाठी नव्हेत. प्रत्येक अट कशासाठी आहे हे समजावे, म्हणून आहेत.

एक आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो मी हलका मानीत नाही. सख्ख्या भावाला, पोटच्या मुलाला अटी घालावयाच्या म्हणजे त्याच्यावर अविश्वासच दाखवावयाचा नाही काय? माझे उत्तर अनुभवाचे आहे. प्रामाणिक मुखत्याराला अटींचा त्रास झालेला मी पाहिला नाही. उलट, पुढे इतर भावंडांनी संशय घेतला तेव्हा त्या अटींनी आणि वेळेवर दिलेल्या हिशेबांनीच त्याची अब्रू राखली. मर्यादा लिहून देणे हा देणाऱ्याइतकाच घेणाऱ्याचाही बचाव आहे. ज्याला आपण निवडले त्याला मोहाच्या तोंडी एकट्याने उभे करणे, हा काही त्याच्यावरच्या प्रेमाचा पुरावा नव्हे.

त्या वृद्ध बाई आज हयात नाहीत आणि त्यांची जमीन त्यांना परत मिळाली नाही. खटल्याच्या कागदांत त्यांनी लिहून दिलेल्या मुखत्यारपत्राची एक प्रत माझ्याकडे राहिली. तीन पृष्ठे दाट टंकलिखित मजकूर, त्यात त्यांचा स्वतःचा असा एकही शब्द नाही, आणि अखेरीस डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा. त्या मजकुरात एखादी ओळ त्यांच्या मनातली, त्यांनी सांगितलेली, त्यांना वाचून दाखविलेली असती, तर वर सांगितलेल्या जुन्या प्रघाताप्रमाणे त्या तेथे हजर राहिल्या असत्या. हे पुस्तक वाचून एकाही माणसाने सही करण्यापूर्वी ती एक ओळ घालण्याचा आग्रह धरला, तर माझे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.